दमयंतीचं गाऱ्हाणं

संपाला वर्ष उलटून गेलं होतं. लालबागच्या आमच्या चाळीत गिरणीचा भोंगा ऐकू येईनासा झाला, पण तोंडं मात्र तिन्ही पाळ्यांत चालू होती. अशात समोरच्या खोलीतल्या रमाकांतच्या बायकोचा, दमयंतीचा, तिसऱ्या महिन्यात गर्भ पडला आणि रिकाम्या चाळीला काम मिळालं.

इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी तिला स्वच्छ सांगितलं होतं, "यात तुझी काही चूक नाही. पहिलं बाळंतपण सुखाचं झालेल्यांनाही असं होतं." पण आमच्या नळावर बायकांची चौकशी बसल्यावर डॉक्टरीणबाईंना कोण विचारतो?

जाईबाईंच्या मते पपई भोवली. दमयंतीने पपई खाल्ली नव्हती, पण बाजारात बघितली तर असेल! गंगुबाई म्हणाल्या, कळश्या उचलल्या म्हणून. पहिल्या मुलाच्या, चंदूच्या वेळी दमयंतीने नववा लागेपर्यंत पाणी भरलं, तेव्हा याच गंगुबाई सांगत फिरत होत्या, "पाणी भरल्यान म्हणान चटकन सुटली." कळशी तीच, जिनाही तोच.

मग सगळ्याजणी समजूत घालायला गेल्या, चंदूकडे बोट दाखवत. "एक झील हा मगे पदरात, रडतंस कित्याक?" म्हणजे एक डोळा शाबूत आहे ना, मग दुसरा फुटला तर काय बिघडलं!

दमयंतीला एवढंच हवं होतं, की तुझी चूक नव्हती हे घरातल्या एका तरी माणसाने म्हणावं. रमाकांत संपापासून मुकाच झाला होता. सासू सोनूबाईही गप्प. रमाकांतनंतर त्यांचेही दोन गर्भ पडले होते, आणि चाळीने त्यांचीही चौकशी त्या काळी पुरी केली होती.

विटाळ फिटल्यावर सासऱ्यांनी, अप्पांनी, देवापुढे नारळ ठेवला. आम्हा कोकणातल्यांची रीतच ती. घरच्या मोठ्याने देवाला गाऱ्हाणं घालायचं, बाकीच्यांनी होकार द्यायचा. अख्खा मजला जमला.

"बा देवा म्हाराजा, ह्या लेकराच्या हातसून काय चूक झाली असात..."

"व्हय म्हाराजा!"

एवढा एकमुखी होकार संपाच्या सभेतही कधी ऐकला नव्हता.

"खाऊ नये ता खाल्ला असात..."

"व्हय म्हाराजा!" जाईबाईंचा आवाज सगळ्यांच्या वर.

तेवढ्यात दमयंती उठून नारळापुढे उभी राहिली. आमच्यात बाईमाणूस गाऱ्हाणं घालत नाही. तिने घातलं.

"बा देवा म्हाराजा, माजी काय एक चूक नाय. माका ता पोर व्हया होता. माका खूप वायट वाटता."

अप्पा नारळाकडे बघत राहिले, जाईबाई छताकडे.

मग भिंतीला टेकून बसलेल्या सोनूबाईंनी हात जोडले.

"व्हय म्हाराजा," त्या एकट्याच म्हणाल्या. आणि जरा थांबून, "माजी पण नव्हती."