काळ्या छत्रीचा दुसरा भाग

शेषेराव बिरादारांची आणि माझी ओळख १९८२ साली झाली. लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. उस्मानाबादहून ट्रक भरभरून कागदांचे बस्ते येत होते. ते उतरवून, झटकून, तालुक्यांप्रमाणे लावायचं काम आमच्या कचेरीकडं होतं. मी बावीस वर्षांची, माझी पहिलीच नोकरी. शेषेराव माझ्याहून दहा-अकरा वर्षांनी मोठे, देवणीकडच्या शेतकऱ्याच्या घरातले. बोलणं कमी, पण सिनेमाचा विषय निघाला की हातातली सुतळी बाजूला ठेवायचे.

‘काली छतरी’ तेव्हा कचेरीत सगळ्यांनी पाहिलेला होता. छत्रीच्या दांड्यात पिस्तूल लपवणारा गुप्तहेर, त्याची ती शीळ. आमचा शिपाईसुद्धा पाणी आणताना ती शीळ घालायचा. शेषेरावांना मात्र त्या सिनेमाचा दुसरा भाग आवडायचा.

“दुसरा भाग पण होता?” असंच प्रत्येकजण विचारायचा.

होता. शेषेरावांनी तो पाहिला १९७३च्या उन्हाळ्यात, दुष्काळात. तेव्हा ते पाझर तलावाच्या कामावर हजेरी घ्यायचे. सकाळी सहाशे नावं पुकारायची, संध्याकाळी पुन्हा तीच. रोज दहा-वीस माणसं कमी व्हायची. कोणी मुंबईला गेलेलं, कोणी निजामाबादला, कोणी न सांगताच. त्यांच्या नावापुढं फुली मारायची.

“फुल्या मारून मारून मला माणसं दिसंनाशी झाली होती, सिंधुताई,” ते मला एकदा म्हणाले. “नाव ऐकलं की डोळ्यापुढं नुसता रकाना यायचा.”

सुट्टीच्या दिवशी ते उदगीरला गेले आणि तीनच्या खेळाला बसले. सुरुवातीला शंभरेक लोक होते. मध्यंतरानंतर अकरा उरले. कारण या भागात पिस्तूलच नव्हतं. गुप्तहेर म्हातारा झालेला, नोकरी सुटलेली. एका आडगावात तो एका बाईचा हरवलेला मुलगा शोधत फिरतो. खून नाही, पाठलाग नाही, गाणं एकच. तो लोकांच्या ओट्यावर बसतो आणि म्हणतो, त्या दिवशी काय काय झालं ते सांगा. कोणी सांगतं बैल सुटला होता, कोणी सांगतं घर सारवायला काढलं होतं. तो सगळं ऐकून घेतो. छत्री उघडतो ती एकदाच, त्या बाईला ऊन लागू नये म्हणून.

खेळ सुटल्यावर दारावर तिकिटं फाडणारा शिवप्पा त्यांना म्हणाला, “झोप लागली होती का तुम्हाला? सगळे उठून गेले.”

“न्हाई. जागा होतो. पुन्हा कधी लावणार?”

“उद्या काढून राहिलो. शीळ पण न्हाई त्यात.”

दुसऱ्या दिवशी पहिलंच गैरहजर नाव आलं, तेव्हा शेषेरावांनी फुली मारली नाही. शेजारी उभ्या बाईला विचारलं, हा माणूस कुठं गेला, काल काय झालं होतं? ती सांगत गेली. मागं रांग खोळंबली, मुकादम चिडला. पण त्या दिवसापासून ते विचारूनच फुली मारू लागले. “तेवढं त्या पिक्चरनं मला परत दिलं,” असं ते म्हणायचे, आणि हे सांगताना त्यांचा आवाज हळू व्हायचा.

दिवाळीनंतर निलंग्याकडच्या एका खेड्यातून पारूबाई आल्या. त्यांच्या घरानं गावची पडीक जमीन वहितीला आणली होती. ती नवऱ्याच्या, भीमाच्या नावानं करायचा हुकूम दुष्काळात झाला होता. भीमा वारला आणि हुकूम कुठंच सापडेना. जुन्या जिल्ह्यात सांगितलं, कागद लातूरला गेले. आमच्याकडच्या जमिनीच्या बस्त्यांत मी दोनदा पाहिलं, नव्हता. त्यांची ही तिसरी खेप होती.

“जयभीम साहेब,” त्या दारातूनच म्हणाल्या.

“जयभीम मावशी. बसा.” शेषेरावांनी त्यांच्या हातातली नाव-गाव लिहिलेली चिठ्ठी घेतली, पण वाचली नाही. “साहेबांनी हुकमावर सही केली, त्या दिवशी काय काय झालं?”

पारूबाईंनी थोडा विचार केला. “लई ऊन होतं. आमी तलावावर माती टाकून राहिलो होतो. टँकर आला न्हवता. तेवढ्यात साहेबाची जीप आली, तर आमी बायांनी ती अडवली. त्याच गर्दीत आमच्या मालकानं कागद पुढं केला. साहेबानं जीपच्या तोंडावर ठिवून सही केली अन् कारकुनाजवळ दिला.”

“म्हणजे कामावरच?”

“हाव. तलावावर.”

शेषेराव उठले. “सिंधुताई, आपण जमिनीच्या कागदात शोधून राहिलो. ह्यो दुष्काळाच्या कागदात असंल.”

दुष्काळाचे बस्ते व्हरांड्यात तसेच पडले होते. त्यांची कोणाला गरज पडत नव्हती. आम्ही दोघं जेवणाच्या सुट्टीत एकेक सोडू लागलो. चौथ्या दिवशी, हजेरीपट आणि टँकरची मागणी करणारा अर्ज यांच्या मधे तो कागद निघाला. सही तिरपी, खाली घसरत गेलेली, जीपच्या उतारावर केल्यासारखी. शेषेरावांनी तो दोन्ही हातांनी धरला. मला वाचायला दिला तेव्हा अक्षरं पुसट दिसायला लागली, म्हणून मी तोंड वळवलं.

दोन महिन्यांनी सातबाऱ्यावर पारूबाईंचं नाव लागलं. उतारा घेऊन त्या आल्या आणि शेषेरावांच्या पायाकडं वाकू लागल्या. ते झटकन मागं सरले.

“माझं काही न्हाई त्यात, मावशी. एका पिक्चरमधून शिकलो.”

मग व्हरांड्यात बसून त्यांनी दुसऱ्या भागाची सगळी गोष्ट सांगितली. पारूबाई पदर तोंडाला लावून ऐकत होत्या.

“पोरगं गावलं का शेवटी?”

“गावलं.”

“आईनं वळखलं?”

“लगेच.”

“मंग लोकं उठून कामून गेले?”

शेषेराव बराच वेळ हसत राहिले. एवढे मोकळे हसताना मी त्यांना पहिल्यांदाच पाहिलं.

पुढच्या संक्रांतीला पारूबाईंच्या रानातली तुरीची डाळ आमच्या दोघांच्या घरी आली.