न ऐकू येणारा स्वर

"हिचा विषय काय, तर ध्वनी. आणि हिचा आवाज कुणी ऐकलाय का?" मागच्या बाकावरून सुमेध माझ्याबद्दल शेजारच्याला हळूच म्हणाला. मला ऐकू आलं. मी फळ्याकडे बघत राहिले.

आमच्या भाषाशास्त्राच्या वर्गात एक रीत आहे. उच्चाराचा नियम फळ्यावर लिहिण्याआधी प्रत्येकाने गळ्यावर तळवा ठेवून एकेक शब्द म्हणायचा. थरथर हाताला कळली पाहिजे. माझी पाळी आली, की मॅडम मायेने माझा शब्द स्वतःच म्हणून टाकतात.

आज फ्रेंच शब्द होते. लॅटिनपासून इथवर येता येता त्यांची टोकं साबणाच्या वडीसारखी झिजली. शेवटचा दुबळा स्वर तर ऐकूच येईनासा झाला. पण जिथे तो होता, तिथे त्याच्या आधीचं व्यंजन अजून उच्चारलं जातं. जिथे नव्हता, तिथे बहुतेकदा तेही गळून पडलं. म्हणजे स्वर गप्प झाला, तरी शेजाऱ्याला सांभाळून गेला. खिडकीतल्या उन्हात मला जुन्या फ्रान्समधल्या, द्राक्षं खुडणाऱ्या बायका दिसू लागल्या, शब्दाचं टोक ओठांतच ठेवून एकमेकींशी बोलणाऱ्या. आपल्या तोंडून काही निसटतंय, हे त्यांना कळलंही नसेल.

पुढच्या ओळीतले तळवे खाली आले. मॅडमनी माझ्याकडे बघून हसत स्वतःचा हात गळ्याशी नेला. माझा हात आधीच माझ्या गळ्यावर होता.

"मॅडम, राहू द्या," मी म्हणाले. "माझा शब्द मी म्हणते."