काकांना वगळून काढलेला ग्रुप

आमच्या चौथ्या मजल्यावरच्या काकांइतका वादप्रिय आणि तितकाच निरुपद्रवी माणूस अख्ख्या मीरा रोडमध्ये शोधून सापडणार नाही, आणि अशा माणसाला फसवण्याचा नीचपणा मी, सोसायटीच्या सेक्रेटरीने, केला आहे. हे आधीच कबूल केलेलं बरं.

काकांनी हयात गिरगावातल्या छापखान्यात मुद्रितं तपासण्यात घालवली आणि निवृत्तीनंतर ते इकडे आले. एकदा नळाला पाणी नव्हतं, खाली टँकर आला होता. दुसऱ्या मजल्यावरच्या गुजराती भाभींनी सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं, ‘पाणी वर आणायला कोणी माझी मदत करा.’ सगळ्यांच्या आधी काकाच धावले. दोन खेपा झाल्यावर धापा टाकत त्यांनी दारातच विचारलं, “भाभी, ‘माझी मदत करा’ की ‘मला मदत करा’?”

“काका, पानी आला ने? बस!”

पण काकांचं बस होत नसे. दुसरा कोणी चूक दाखवून मोकळा झाला असता. काकांना निकाल द्यायचाच नव्हता, त्यांना साक्षी हव्या होत्या. त्यांनी रिक्षावाल्याला गाठलं, इस्त्रीवाल्याला गाठलं. जवळच्या मुर्धा गावाहून येणाऱ्या मासळीवालीने तर डोक्यावरच्या पाटीकडे बोट दाखवलं. “आमच्यात असा कोनी बोलत न्हाय. ‘हात लाव’ बोलायचा. लाव हात!” काकांनी पाटी उतरवली आणि वहीत लिहिलं, ‘मुर्धा: हात लाव. उत्तम.’ मग ती नोंद ग्रुपवर आली, तिच्यावर काकांचं भाष्य आलं, भाष्यावर काकांचाच आक्षेप आला आणि त्या आक्षेपाला त्यांनीच सडेतोड उत्तरही दिलं.

या धुमश्चक्रीत लिफ्ट बंद असल्याचा माझा निरोप कुठच्या कुठे वर गेला. लोक सामानासकट खाली खोळंबले आणि बोलणी मला बसली. रागाच्या भरात मी नवा ग्रुप काढला. काका सोडून सगळे त्यात. जुना ग्रुप आम्ही कोणी उघडेनासे झालो; तिथे काका एकटेच लिहीत राहिले.

चार दिवसांनी ते फोन घेऊन माझ्या दारात. “अरे सेक्रेटरी, बघ जरा. कोणी उत्तरच देत नाही.”

मी फोन उलटसुलट करून पाहिल्याचं नाटक केलं. “नेटवर्क नसेल, काका. गच्चीवर मिळतं.”

तेव्हापासून रोज संध्याकाळी काका गच्चीवर, फोन धरलेला हात उंच करून. पोरं खालून टाटा करायची. काकाही दुसऱ्या हाताने टाटा करायचे. मला मात्र जेवण जाईना.

आठवड्याने मी वर गेलो. घोडबंदरकडचे डोंगर धूसर झाले होते. काकांनी फोन माझ्यापुढे धरला. वादाचं एक अक्षर नव्हतं. रोज एकच ओळ लिहिलेली: ‘सगळे बरे आहात ना?’

“काका,” मी म्हणालो, “नेटवर्कला काहीही झालेलं नाही. तुम्हाला वगळून मी दुसरा ग्रुप काढलाय, आणि वर तुमच्याशी खोटं बोललो. फार चुकलं माझं. माफी मागायला आलोय.”