रूपीने उचलून नेलेली भिंत

डहाणूजवळच्या कैनाडच्या आमच्या पाड्यावर पाहुणा आला की त्याला आधी रूपीच्या घरात नेतात. तिथे सिमेंटच्या भिंतीत एक मातीची भिंत आहे. ती रूपीने कशी आणली, ते सांगतो.

२०१७ सालचा वैशाख. रूपीचं घरकुल मंजूर झालं होतं. तलासरीचा देवजी गवंडी सांगून गेला, "शनिवारी जुनं घर पाडतो." त्या दिवशी मंगळवार होता.

जुनं घर कारवीच्या काठ्या बांधून केलेल्या कुडाचं, वरून शेणमातीने लिंपलेलं. नवं भात घरात आलं की आमच्याकडे तांदळाच्या ओल्या पिठात मूठ बुडवून ती भिंतीवर उमटवतात. पुढल्या वर्षी त्यावर लिंपण आणि पुन्हा मुठी. सगळ्यात वरच्या थरात रूपीच्या सासूची, जिजाची मूठ होती. जिजा माघात गेली. ती मूठ तिची शेवटची.

"घर पाडा, माझी ना नाय," रूपी म्हणाली. "पण ही भिंत मी नवीन घरात नेणार."

तिचा नवरा लाहू हसला. "डोक्यावर नेशील, का टेम्पोत?"

"चित्रात नेईन."

तिने डहाणूहून मांजरपाट आणला. भिंतीचीच माती खरवडली, शेणात मळली आणि कापडावर थापली. बुधवारी संध्याकाळी ती थापलेली माती अशी गुळगुळीत दिसत होती की शेजारच्या बाया हात लावून बघून गेल्या. गुरुवारी सकाळी रूपीने कापड उचललं आणि सगळी माती पापडासारखी तडकून अंगणात पडली.

रूपी त्या तुकड्यांशेजारी बसली. मग एक तुकडा जुन्या भिंतीचा आणि एक कापडावरून पडलेला असे दोन्ही हातांत घेऊन तिने मोडून पाहिले. जुना सहज मोडेना. त्यात भाताचं तूस होतं, पेंढ्याचे बारीक तुकडे होते.

"कापड नवीन म्हणून मी माती चाळून घेतली," ती म्हणाली. "घरची भिंत लिंपताना कोण चाळतं? जे मातीला धरून ठेवतं तेच मी उकिरड्यावर टाकलं."

मग तिने घाई केली नाही. गोठ्याच्या बाजूच्या कुडातून कारवी काढली, अडीच हाताचा लहान कूड बांधला आणि त्यावर कापड सुतळीने टाचलं. या वेळी माती जशी होती तशी, तुसासकट मळली. जिजाच्या मुठीचा भाकरीएवढा पापुद्रा विळ्याने अलगद सोडवला आणि ओल्या मातीत बसवून त्याच्या कडा बोटाने मिटवल्या. वर गेरू दिला, पण मुठीला वळसा घालून. चुलीतल्या कोळशाने सावल्या केल्या. जिजाच्या लुगड्याचा काठ खालून जमिनीसारखा चिकटवला. शेवटी तांदळाचं पीठ आणि चावून मऊ केलेली बांबूची काडी घेऊन ती चित्र लिहायला बसली.

"आये, मधे चौक लिही ना, शोभेल," तिची मुलगी रविना म्हणाली.

"चौक लग्नात लिहितात. तुझं ठरवलंस काय कुठे? सांग, लिहिते."

रविनाने पिठाची वाटी तिच्यापुढे सरकवली.

रूपीने मग समोर दिसत होतं ते आणि शनिवारी दिसणार होतं ते काढलं. घर, शेळ्या, कवेत भांडी घेतलेल्या बाया आणि पहार उगारलेला माणूस. जिजाच्या मुठीशेजारची वीतभर जागा मात्र कोरी ठेवली.

शनिवारी देवजी आला. पहार खाली ठेवून चित्रासमोर उकिडवा बसला.

"हा मी काय?"

"तूच, देवजीदादा."

"कंबर लई बारीक काढलीस."

"माझ्या चित्रात सगळ्यांचीच बारीक. फुकट मिळतेय तर घे."

चौघांनी ते चित्र उचलून आमच्या ओटीवर आणलं, मग देवजीने जुनं घर पाडलं. पावसाळाभर ते तिथे घोंगडीखाली उभं होतं. नवीन घर बांधताना देवजी म्हणाला, "हे खिळ्यावर राहायचं नाय." रूपी म्हणाली, "भिंत कधी खिळ्यावर टांगतात काय? तिला जमिनीवर उभी कर." देवजीने दोरीने माप घेतलं आणि नवीन भिंतीत अर्ध्या विटेएवढा खोल कोनाडा जमिनीपासून वर बांधत नेला. चित्र त्यात बरोबर बसलं.

कार्तिकात नवं भात आलं. रविनाने पीठ भिजवलं आणि हौसेने ऑइलपेंटच्या भिंतीवर मूठ मारली. पीठ ओघळून खाली गेलं. तिने आईकडे पाहिलं.

रूपीने आपली मूठ बुडवली आणि जिजाच्या मुठीशेजारच्या कोऱ्या जागेत दाबली. मातीने पाणी ओढून घेतलं. पांढरी मूठ जागच्या जागी राहिली.

"पुढल्या साली?" लाहूने विचारलं. "जागा तर भरली."

"लिंपीन," रूपी म्हणाली. "भिंत हाय ती."