आक्कांची पालथी भांडी

माझं माहेर पंचगंगेच्या काठचं. तिथं पाण्याची विचारपूस कुणी करत नसे. लग्न होऊन मी निपाणी आणि संकेश्वरच्या मधल्या कोरड्या माळावर आले, आणि इथली माणसं बोलायला बसली की पाण्याशिवाय दुसरं काही बोलतच नाहीत हे माझ्या लक्षात आलं. ओढ्याला पाणी किती, पाळी कुणाची, पाट कुणी फोडला. ऐकून ऐकून मला वीट यायचा. ही स्वातंत्र्याच्या आधीची, इंग्रजी अमलातली गोष्ट.

आमच्या शेताच्या वरच्या अंगाला एका जैन कुटुंबाचं शेत आणि घर होतं. घरच्या कर्त्याला सगळे आप्पा म्हणत, त्यांच्या बायकोला आक्का. आपसात ती माणसं कानडी बोलत, आमच्याशी मराठी. दोन्ही घरांनी मिळून ओढ्यावर दगडमातीचा बांध घातला होता. त्यातून निघालेला एकच पाट आधी त्यांच्या रानात जाई, मग आमच्या. दिवसा पाणी त्यांचं, संध्याकाळपासून आमचं.

पण दिवस संपला हे ठरवायचं कुणी? घड्याळ कुणाकडेच नव्हतं, आणि आभाळ भरलेलं असलं की सूर्याचाही भरवसा नाही. भरवसा होता तो आप्पांच्या घरच्या जेवणाचा. सूर्य बुडाल्यावर त्या घरात कुणी घास तोंडात घालत नसे. सगळ्यांची जेवणं उरकली की आक्का भांडी घासून परसाच्या भिंतीवर पालथी घालत. आमच्या बांधावरून ती भिंत स्वच्छ दिसे. भांडी पडली की आप्पांचा थोरला मुलगा पाटाचं तोंड आमच्याकडे फिरवी. ही रीत कुणी घातली कुणास ठाऊक, पण त्यावरून कधी तंटा झाला नव्हता. नवी असताना मात्र "भांडी पडली काय?" असं घरात कुणी विचारलं की मला वाटायचं, या लोकांना शेजारच्या स्वयंपाकघराची भलतीच काळजी!

या पाळ्या एरवी दिवाळीनंतर लागत. भाद्रपदात ओढा भरलेला असे, तेव्हा कोण कशाला मोजतंय? त्या वर्षी पावसानं अशी दडी मारली, की भाद्रपदातच पाळ्या लागल्या. पाणी इतकं कमी, की बांधामागं ते साठायलाच काही दिवस जात. मग एक दिवस सोडायचं, अर्धं त्यांना, अर्धं आम्हाला.

आम्ही नुकतीच तंबाखूची रोपं लावली होती. लावताना घागरीनं घातलं तेवढंच पाणी त्यांना मिळालेलं. रोपांच्या वाफ्यात एक काडी उरली नव्हती. ही मेली तर पुन्हा लावायला काही नाही, आणि त्या तंबाखूवर आमचं सगळं वर्ष. पाळीच्या दिवशी दुपारी पाहिलं, तर पानं जमिनीला टेकली होती. माझे यजमान कधी फार बोलत नसत. तेव्हा एवढंच म्हणाले, "आज पाणी पोचलं तर जगतील. उद्याचं ऊन न्हाय सोसायची."

संध्याकाळ झाली. आम्ही दोघं बांधावरून आप्पांच्या भिंतीकडे डोळे लावून उभे. भिंत मोकळी. ऊन झाडांच्या शेंड्यावर गेलं, तरी भिंत मोकळीच. तिकडे पाणी आप्पांच्या मिरचीत चाललेलं, आणि बांधामागचं डबकं डोळ्यांदेखत खाली जात होतं. यजमानांनी कुऱ्हाड उचलली. ते पाटाकडे निघाले, मी मागोमाग.

पाटाच्या तोंडावर आप्पांचा थोरला काठी टेकून बसला होता.

"पाणी फिरीव," यजमान म्हणाले.

"भांडी पडू द्यात की."

"दीस बुडाय आला! डोळं फुटल्यात काय तुझं?"

"भांडी पडल्याबिगर पाटाला हात लावायचा न्हाय, असं आप्पांनी सांगितलंय."

"मग आप्पाला बोलीव!"

"आप्पा बस्तीत हाईत. सकाळपास्नं मौन धरलंय त्यांनी. आज अनंत चतुर्दशी हाय, उद्यापतूर बोलणार न्हाईत."

बस्ती म्हणजे त्यांचं देऊळ, आणि अनंत चतुर्दशी म्हणजे त्यांच्या कडक उपासाचा दिवस. यजमानांनी कुऱ्हाड सरळ पाटाच्या बांधावर उगारली. थोरला काठी घेऊन उठला. तो दिवसभराचा उपाशी आणि हे दुपारपासून तापलेले. कोण कुणाचं ऐकणार?

माझं लक्ष सहज आप्पांच्या घराकडे गेलं. छपरातून धूर नव्हता. मग डोक्यात लखकन उजेड पडला. अहो, उपासाच्या दिवशी जेवणं कसली, आणि भांडी कसली! दोघे बाप्ये भिंतीकडे बघून एकमेकांची डोकी फोडायला निघाले होते. मला असा राग आला, की ओरडण्यातही वेळ न घालवता मी पळत सुटले.

आक्का माजघरात नुसत्या जमिनीवर पडल्या होत्या. निर्जळी उपास, सकाळपासून घोटभर पाणीसुद्धा नाही. मी उंबऱ्याबाहेर थांबले. धाप लागली होती.

"आक्का, भांडी..."

"कसली भांडी पायजेत गं तुला?" त्यांना वाटलं, मी उसनं मागायला आले.

कसंबसं सांगितलं. त्या भिंतीला धरून उठल्या. "आमी जेवलो न्हाय म्हणून तुझ्या रोपांनी बी उपाशी ऱ्हायाचं व्हय?"

फळीवरची घासलेली, कोरडी भांडी त्यांनी काढली. उपासाच्या दिवशी त्यांना माझा हात चालत नव्हता, म्हणून नुसती बघत उभी राहिले. तोल सावरत त्या परसात गेल्या. तपेली पालथी घातली, तांब्या पालथा घातला. तिकडे काठी आणि कुऱ्हाड अजून उगारलेलीच. खाली कुणी वर बघेना.

"नीर बिडो!" पाणी सोड, असं त्या मुलाला ओरडायला गेल्या, पण कोरड्या घशातून आवाजच फुटला नाही. ओठ नुसते हलले. मग त्यांनी परात दोन्ही हातांनी उचलली आणि भिंतीच्या दगडावर आपटली. एकदा, पुन्हा एकदा.

दोघांनी वर पाहिलं. थोरल्यानं काठी टाकली आणि पाटाचं तोंड फिरवलं. यजमान कुऱ्हाड खाली टाकून पाण्यामागं आमच्या रानाकडे निघाले. आक्का भिंतीला टेकून पाणी आमच्या रानात शिरताना बघत होत्या आणि कोरडे ओठ जिभेनं ओले करत होत्या. त्यांच्या तोंडात पाणी पडणार होतं ते दुसऱ्या दिवशी सकाळी.

रोपं जगली. पुढं पाऊस असो नसो, अनंत चतुर्दशीला आक्का न चुकता न वापरलेली भांडी भिंतीवर पालथी घालत. त्यांच्यामागं सून घालू लागली. मला उपासतापास कधी जमले नाहीत, सासूबाईंनी तर माझा नादच सोडला होता. पण त्या एका दिवशी भिंतीवर भांडी पडेपर्यंत मला पाणी प्यायला जमत नसे.