बिऱ्हाडकरूंचा पत्ता

ओढा म्हणजे वाहतं पाणी, एवढंच आम्ही समजत होतो. ओढा म्हणजे भरलेली वस्ती आहे, हे आम्हाला किडेबाईंनी दाखवलं.

किडेबाई इथल्याच. लाँड्रीवाल्या दादाची धाकटी बहीण. शिकायला बाहेर गेली तेव्हा घरच्यांना वाटलं, डॉक्टर होऊन येईल. झालीही डॉक्टर, पण नाडी ओढ्याची बघणारी. विद्यापीठाचं काम घेऊन परत आली, ओढ्याकाठी खोली घेतली आणि रबरी बूट चढवून पाण्यात उतरली. दगड उचलायचा, त्याचं पोट न्याहाळायचं, अंगठ्याने हलकेच चोळायचं, जाळीत पडलेलं पांढऱ्या ताटलीत ओतायचं. मग त्या ताटलीकडे ती असं बघते, जसं आई तापलेल्या लेकराकडे बघते.

खोलीत पाय ठेवायला जागा नाही. खिडकीत बाटल्या, पलंगाखाली बाटल्या. वहिनी एकदा मायेने फ्रिज आवरायला गेली आणि आतली पायवाली मंडळी बघून तशीच घरी पळाली.

"वन्संच्या फ्रिजात खायला काही नाही, नुसते खाणारे भरलेत," असं तिने सगळ्या गल्लीला सांगितलं.

उन्हाळे लांबत चाललेत, ओढा बारीक झालाय, पाणी कोमट लागतं. यात तापत्या हवेचा वाटा किती आणि माणसाचा किती, हे किडेबाईंना शोधायचं होतं. त्यांचा सगळ्यात लाडका किडा म्हणजे बिऱ्हाडकरू. हे नाव त्यांनीच ठेवलेलं. बोटाच्या पेराहून लहान अळी. वाळूचे कण तोंडातल्या चिकट धाग्याने जोडून अंगाभोवती नळीसारखं घर बांधते आणि ते ओढत फिरते. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात, पण याचं खरोखरच असतं. गार, स्वच्छ पाणी असेल तरच हा भाडेकरू टिकतो.

पुलाच्या वर बिऱ्हाडकरू होते. पूर्वीपेक्षा कमी, पण होते. पुलाखाली, जिथे लाँड्रीची मोरी ओढ्यात सुटते, तिथे एकही नव्हता.

आता पेच असा, की किडेबाईंचा अहवाल पाणी खात्याकडे जाणार होता. त्यात लाँड्री आली की मोरी बंद, आणि मोरी बंद म्हणजे लाँड्री बंद. ज्या लाँड्रीच्या इस्त्रीवर किडेबाईंचं शिक्षण झालं, तीच.

"जग तापलंय, वर्तमानपत्रात रोज येतं," दादा चादरीवर पाणी शिंपडत म्हणाला. "उन्हाला सोडून मला का धरतेस?"

"ऊन पुलाच्या वरही पडतं, दादा."

"म्हणजे दोष दोघांचा."

"दोघांचाच. पण उन्हाला मी सांगू शकत नाही. तुला सांगू शकते."

दादा धूर्त. बहीण पाणी तपासायला येणार त्या दिवशी तो लाँड्रीला कुलूप लावू लागला. मोरी कोरडी, पाणी आरशासारखं.

"दादा, पाणी आजचं सांगतं," किडेबाई म्हणाल्या. "किडा मागच्या कित्येक महिन्यांचं सांगतो. त्याला तुझी सुट्टी कळत नाही."

दादाने यातून आपल्या सोयीचा अर्थ काढला: म्हणजे फक्त किडे पाहिजेत.

पुढच्या खेपेला किडेबाईंनी मोरीखालचा दगड उलटला आणि त्या आनंदाने ओरडल्याच. बिऱ्हाडकरू! दुसरा दगड उलटला, बिऱ्हाडकरू. प्रत्येक दगडाखाली अगदी शर्टाच्या गुंड्यांसारखे ओळीने बसवलेले. काठावर दादा हात मागे बांधून आभाळ बघत होता. वहिनी हातातली चहाची गाळणी पाठीमागे लपवत होती.

किडेबाईंनी भिंग काढलं. बघता बघता चेहऱ्यावरचा आनंद ओसरला.

"ही मंडळी इथली नाहीत."

"तुझ्या किड्यांना आता दाखले पण लागतात का?" दादा गरजला.

"पाठीवर घेऊन फिरतात ते. सगळी घरं तांबड्या वाळूची आहेत. तांबडी वाळू वर, कड्याखाली. इथे पुलापासून सगळी काळी. आणि बघ, निम्मे तर आत्ताच गळाठलेत."

मग वहिनीच बरसली, "मी म्हटलं होतं, अहो, घरं काढून आणा! ऐकतंय कोण?"

किडेबाईंना हसू आवरेना. हसता हसता डोळे भरले. एकेक किडा बादलीत घेऊन त्या म्हणाल्या, "दादा, मी लिहिणार आहे."

"सख्ख्या भावाचं?"

"तुझं नाव नाही. लाँड्री लिहीन."

"गावात दुसरी लाँड्री आहे?"

"नाही."

त्या दिवसापासून दादा तिच्याशी बोलायचा थांबला. बहिणीचे कपडे मात्र इस्त्रीला घेत राहिला. फक्त रागाने प्रत्येक बाहीवर एक आडवी घडी पाडायचा. किडेबाई त्या घडीसकट गावभर फिरायच्या, बिल्ला लावल्यासारख्या.

अहवाल गेला. त्यात लाँड्री होती, तसा उपायही होता: आधी गाळ बसवायचं टाकं, मग सावलीत पाणी निववायचं टाकं, त्यानंतर ओढा. खात्याने मुदत दिली. दादाने शिव्या देत खणलं, शिव्या देत बांधलं, टाक्यावर सावलीसाठी झाडं लावली तीही शिव्या देतच. झाडांना त्या मानवल्या. मोरी उघडी राहिली.

पुढच्या वर्षी एका सकाळी दादा किडेबाईंच्या दारात आला. हातात ओल्या टॉवेलात गुंडाळलेला दगड, तान्हं मूल धरावं तसा धरलेला.

"बघ," तो म्हणाला. किती महिन्यांनी तो तिच्याशी बोलत होता. "मी आणून ठेवलेलं नाही. वहिनीची शपथ."

"माझी कशाला?" मागून वहिनी.

किडेबाईंनी भिंग धरलं. दगडाच्या पोटाला एकच बिऱ्हाडकरू होता. घर काळ्या वाळूचं, पहिल्या कणापासून शेवटच्या कणापर्यंत. आणि मधोमध, भिंतीत नीट बसवलेला, शर्टाच्या गुंडीचा पांढरा टवका.

"इथलाच आहे," किडेबाई म्हणाल्या. "तुझ्याच लाँड्रीचं गिऱ्हाईक."

दादाने दगड परत टॉवेलात गुंडाळला. "जिथून उचलला तिथे ठेवून येतो. तोवर तुझे कपडे काढून ठेव. आज बाह्या सरळ करतो."