ईशाची फुगडी

शेजारी नव्या सुनेची मंगळागौर होती. जेवणं आटोपली आणि बायका पदर खोचून फुगड्यांना उभ्या राहिल्या. सुनेची चुलत नणंद, तेरा वर्षांची ईशा, भिंतीला टेकून बसली होती. अंगानं चांगलीच भरलेली मुलगी.

"ये की गं तूही," मी म्हटलं.

"नको काकू, फरशी फुटेल!"

सगळ्या हसल्या. तीही हसली, जरा जास्तच मोठ्यानं.

दुसऱ्यानं बोलायच्या आत आपणच आपल्याला बोलून घ्यायचं, म्हणजे कमी लागतं, हे या पोरीला कुणी शिकवलं असेल? मुद्दाम कुणीच नाही. 'पुरे आता, किती खाशील', 'हा ड्रेस तुला नाही व्हायचा', असं आपण मायेनंच बोलतो आणि विसरून जातो. मुलं विसरत नाहीत. ती वाक्यं त्यांना स्वतःचीच वाटू लागतात.

नवी सून मात्र हसली नव्हती. ती ईशासमोर जाऊन उभी राहिली, दोन्ही हात पुढे केले.

"चल, माझी जोडी तुझ्याशी."

"वहिनी, मी जड आहे."

"मग घट्ट धर मला."

ईशा उठली. पहिल्या गिरक्या बिचकतच झाल्या. मग वेग आला, तिची वेणी सुटली, बायका टाळ्या वाजवू लागल्या. थांबल्यावर सून धापा टाकत खालीच बसली. ईशानं तिचे हात सोडलेच नव्हते.

"वहिनी," ती म्हणाली, "अजून एक घालू या ना!"